निवासी शिबिरातली बदलती मैत्री: बारा दिवसांचे एक प्रकरण

सलग तीन उन्हाळे एकाच शिबिराला येणाऱ्या, शेजारच्या खाटेसाठी हट्ट धरणाऱ्या दोन मुली चौथ्या वर्षी तिसऱ्याच दिवशी एकमेकींशी बोलेनाशा होतात. निवासी शिबिरे चालवणाऱ्यांना हे नवीन नाही. मात्र 'लहान मुलींचं भांडण' म्हणून त्याकडे कानाडोळा होतो, नाहीतर दोघींना समोरासमोर बसवून घाईघाईने समेट घडवला जातो. दोन्ही उपाय का फसतात आणि त्यांच्या जागी काय करता येते, हे या प्रकरणातून पाहायचे आहे.

प्रकरण कोण्या एका शिबिराचे नाही. अनेक शिबिरांत वारंवार दिसणारे प्रसंग एकत्र करून ते अभ्यासासाठी रचले आहे. इरा, मिनू, सई आणि रेवा ही नावे ओळखीपुरती आहेत.

पार्श्वभूमी

शिबिर बारा दिवसांचे. ११ ते १३ वयोगटातली ४८ मुले, आठ-आठ जणांचे सहा गट, प्रत्येक गटाला दोन ताई किंवा दोन दादा. एक गट म्हणजे एक खोली. सकाळी सहाला उठणे, रात्री साडेनऊला दिवे बंद. थोडक्यात, रोज साडेपंधरा तास तीच आठ तोंडे समोर.

इरा आणि मिनू दोघी बारा वर्षांच्या, वाढदिवसांत दोन महिन्यांचे अंतर. आधीच्या तिन्ही वर्षांच्या गटनोंदींत त्यांचा उल्लेख 'जोडी' असाच आहे. यंदा इरा वर्षभरात आठ सेंटिमीटर वाढून आली होती आणि दोन महिन्यांपूर्वी तिची पाळी सुरू झाली होती. मिनूच्या बाबतीत यातले काहीच घडले नव्हते. गेल्या वर्षीचाच सदरा तिला अजून नीट बसत होता.

दोघींचेही सर्वसाधारणच म्हणायचे. वयात येण्याची पहिली चिन्हे मुलींमध्ये साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात कधीही दिसू शकतात. त्यामुळे एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोन समवयस्क मुली शरीराच्या वाढीत चार-चार वर्षांच्या अंतरावर असू शकतात. शिबिराची विभागणी मात्र जन्मतारखेवरून होते. '११ ते १३' हा गट कागदावर एकसारखा दिसतो; प्रत्यक्षात याच टप्प्यावर मुले एकमेकांपासून सर्वांत जास्त वेगळी असतात.

मैत्रीकडून असलेली अपेक्षाही याच काळात बदलते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सेलमन यांनी मुलांच्या मैत्रीविषयीच्या समजुतीचे टप्पे मांडले आहेत. सुरुवातीला मित्र म्हणजे जवळ असलेला खेळगडी. मग येते देवाणघेवाणीची मैत्री: तू माझ्यासाठी हे केलेस, मी तुझ्यासाठी ते. त्यानंतर केव्हातरी मनातले सांगता येणे हे मैत्रीचे मुख्य काम होते. हे टप्पे घड्याळाप्रमाणे येत नाहीत आणि दोन मैत्रिणी एकाच दिवशी पुढच्या टप्प्यावर जातील असे तर मुळीच नाही. मिनूसाठी मैत्री म्हणजे गेल्या वर्षीचे सगळे खेळ पुन्हा इरासोबत खेळणे. इराला आता कोणाशी तरी बोलायचे होते, तेही मिनूला माहीत नसलेल्या विषयावर.

अर्जातला रकाना

नोंदणी अर्जात 'खोलीत कोणासोबत राहायला आवडेल?' असा एक रकाना होता. मिनूच्या अर्जात तिथे इराचे नाव होते, खाली दोन रेघा ओढलेल्या. इराच्या अर्जात तो रकाना रिकामा होता. आधीच्या तिन्ही वर्षी तिने मिनूचे नाव लिहिले होते. हा फरक कोणी पाहिला नाही, कारण खोल्या लावताना अर्ज एकेक करून वाचले गेले, जोडीने ताडून पाहिले गेले नाहीत. मिनूची मागणी पूर्ण झाली, दोघी एका खोलीत आल्या, काम संपले.

आमच्या मते या प्रकरणातली सर्वांत स्वस्तात टाळता आली असती अशी चूक हीच. दोन मुलांनी एकमेकांची नावे लिहिली तर एक खोली द्यायला हरकत नाही. एकानेच लिहिले असेल तर खोली एक, पण खाटा लांब आणि दिवसाचा निदान एक उपक्रम वेगळा ठेवावा. गेल्या वर्षी लिहिलेले नाव यंदा गायब असेल तर ते त्या गटाच्या ताईला आधीच सांगून ठेवावे. ४८ अर्ज असे ताडून पाहायला एका माणसाचा एक तास पुरतो.

पहिले चार दिवस

पहिल्या दिवशी मिनू लवकर पोहोचली आणि शेजारच्या खाटेवर आपला टॉवेल टाकून तिने ती जागा धरून ठेवली. इरा आली, हसली, मिनूला मिठी मारली आणि म्हणाली, "मी खिडकीजवळ झोपते, इथे फार उकडतं." खिडकीजवळच्या खाटेशेजारी सई होती. सई शिबिरात पहिल्यांदाच आली होती. तिला कोणीच ओळखत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पाण्यातले खेळ होते. इरा पोट दुखतंय म्हणून काठावर बसली. मिनू तीन वेळा पाण्यातून बाहेर येऊन "चल ना, गेल्या वर्षी तर तूच सगळ्यात पुढे होतीस" म्हणत राहिली. तिसऱ्यांदा इरा तिच्यावर खेकसली. सगळ्यांदेखत.

यामागचे कारण साधे होते. इराला पाळी आली होती, पिशवीतले पॅड संपत आले होते आणि शिबिरातले पॅड कार्यालयातल्या प्रथमोपचार पेटीत ठेवलेले होते. ते मिळवायचे तर कार्यालयात जाऊन मोठ्या माणसाकडे मागावे लागणार, तेही कदाचित एखाद्या दादासमोर. तिने मागितले नाहीत. न्हाणीघराच्या दाराशी घुटमळताना सईने तिला पाहिले आणि काही न विचारता आपल्याकडचे दोन तिच्या हातावर ठेवले. नव्या मैत्रीची सुरुवात तिथे झाली. मिनूला यातले काहीच ठाऊक नव्हते. तिला दिसले एवढेच, की इरा पाण्यात येत नाही आणि त्या नव्या मुलीसोबत काठावर बसून कुजबुजते आहे.

११ ते १३ वयोगटाच्या प्रत्येक शिबिरात यासाठी तीन गोष्टी कराव्यात. पॅड मुलींच्या न्हाणीघरातच उघड्या फळीवर ठेवावेत, शेजारी वापरलेले पॅड गुंडाळायला कागद आणि झाकणाची कचरापेटी असावी, आणि साठा रोज संध्याकाळी ताईने पाहावा. दुसरी गोष्ट, पहिल्याच संध्याकाळी ताईने सगळ्या मुलींना, पाळी सुरू झालेल्या आणि न झालेल्या, एकत्र बसवून हे कुठे आहे ते पाच मिनिटांत सांगावे. तिसरी गोष्ट म्हणजे पाण्याच्या खेळांना काठावरचे एक खरे काम जोडून द्यावे: वेळ नोंदवणे, गुण लिहिणे, दोर सोडणे. कारण न विचारता ते कोणालाही घेता यावे. काठावर नुसती बसलेली मुलगी सगळ्यांच्या डोळ्यांत येते. हातात शिट्टी असलेल्या मुलीला कोणी 'का गं, काय झालं?' विचारत नाही.

तीन-चार दिवसांत एवढी जवळीक कशी होते, असे पालक नेहमी विचारतात. कॅन्सस विद्यापीठातले संशोधक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात जुजबी ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, पक्की मैत्री व्हायला सुमारे ९० तास आणि जिवलग मैत्रीला २०० हून अधिक तास एकत्र घालवावे लागतात, असा अंदाज आहे. तो अभ्यास मोठ्यांचा होता, त्यामुळे आकडे जसेच्या तसे मुलांना लावता येणार नाहीत. तरी अंदाजापुरता हिशेब करून पाहा. साडेपंधरा तासांचा एक दिवस धरला तर चौथ्या रात्री ६२ तास होतात. शाळेत एका बाकावर बसून जे घडायला काही महिने लागतात, ते शिबिरात आठवड्याच्या आत घडते. नाते जमते ते झपाट्याने, आणि तुटतानाही तसेच.

तिसऱ्या दिवशी गटाच्या ताईने दोघींना बोलावून घेतले. "तुम्ही तर जुन्या मैत्रिणी ना? मग काय हे? चला, हात मिळवा." दोघींनी हात मिळवले. ताईने नोंदवहीत 'भांडण मिटले' असे लिहिले. लहानपणीच्या कट्टीवर बट्टीचा उतारा चालतो, कारण तिथे रुसवा एखाद्या गोष्टीवरून असतो. इथे भांडण झालेलेच नव्हते, तर मिटणार काय? झाले ते उलटेच. मिनूला वाटले आता सगळे पूर्ववत होणार, म्हणून ती इराला आणखी चिकटली. आपल्यावर जबरदस्ती झाली असे इराला वाटले, म्हणून ती आणखी दूर झाली. उरलेल्या सहा जणींना मात्र या दोघींचे फाटले आहे ही बातमी ताईकडूनच मिळाली.

चौथ्या दिवशी दुपारी विश्रांतीच्या वेळी मिनूचे पोट दुखू लागले. घरी फोन करायचा, आत्ताच्या आत्ता. ताप नाही, उलटी नाही. हे घरच्या आठवणीचे दुखणे समजून तिला थोपटून झोपवण्यात आले. घरची ओढ आणि मैत्रीतले दुखणे वरवर सारखेच दिसते, पण लक्ष दिले तर वेगळे काढता येते. घरची आठवण बहुधा निवांतपणी, झोपताना दाटून येते आणि कामाला लागले की ओसरते. मैत्रीतले दुखणे ठरावीक जागी उठते. मिनूचे पोट तीन वेळा दुखले होते: जेवणाच्या रांगेआधी, 'जोड्या करा' अशी सूचना मिळाल्यावर आणि दुपारच्या मोकळ्या वेळात. तिन्ही वेळा प्रश्न एकच होता, मी कोणाशेजारी बसू?

चिठ्ठ्यांनी काय सांगितले

दुसऱ्या दिवशी रात्री गटातल्या प्रत्येकीने एका चिठ्ठीवर 'सातव्या दिवशीच्या तंबूमुक्कामात सोबत आवडतील अशा तीन जणी' लिहून दिल्या होत्या. ही पद्धत मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांची. १९३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन येथील मुलींच्या निवासी संस्थेत त्यांनी मुलींच्या पसंतीवरून त्यांची राहण्याची घरे लावून पाहिली होती. चिठ्ठ्यांवरून कागदावर नावे मांडायची आणि जिने जिचे नाव लिहिले तिच्याकडे बाण काढायचा, एवढेच काम. आठ जणींचा आराखडा वीस मिनिटांत होतो. 'कोण नको?' हा प्रश्न या वयात विचारू नये. मुली बाहेर पडल्यावर आपापली उत्तरे एकमेकींना सांगतात, आणि मग चिठ्ठीनेच एखादीला वाळीत टाकले असे होते. चिठ्ठ्या ताईच्याच ताब्यात राहाव्यात आणि शिबिर संपल्यावर फाडून टाकाव्यात.

या गटात मिनूने तीनऐवजी एकच नाव लिहिले होते, इराचे. इराने सई आणि आणखी दोघींची नावे लिहिली होती. मिनूच्या दिशेने आठ जणींतून एकच बाण आला होता, रेवाचा. रेवा अबोल होती, हात वर न करणारी, आणि मिनूला ती नावापलीकडे माहीतही नव्हती.

आराखडा चार दिवस वहीत पडून होता. तंबूंची विभागणी करायची वेळ येईल तेव्हा पाहू, असे ठरलेले. माहिती गोळा करायची आणि वापरायची नाही, ही शिबिरांची जुनी सवय आहे.

पाचवी रात्र

दिवे बंद व्हायला दहा मिनिटे होती. मिनूच्या उशीखाली एक कापडी ससा असे, एक कान शिवून लावलेला. तीन वर्षे तो फक्त इराला माहीत होता. सई खोलीच्या मध्यभागी येऊन म्हणाली, "मिनू, तुझा ससा झोपला का? अंगाई म्हणू का आम्ही?" दोघी-तिघी हसल्या. इरा हसली नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मिनूने ससा उचलून पिशवीच्या तळाशी कोंबला, चेन लावली आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतले.

इथे प्रकरणाची जात बदलली. दोन मैत्रिणींनी दूर होणे ही वाढीतली गोष्ट आहे, मोठ्यांनी त्यात न्यायनिवाडा करू नये. एकीचे गुपित चारचौघांत उधळून तिला हास्यास्पद करणे हा त्रास देण्याचाच प्रकार आहे, आणि तिथे मोठ्यांनी मध्ये पडलेच पाहिजे. मानसशास्त्रज्ञ निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर यांनी १९९५ मध्ये अशा वागण्याकडे संशोधकांचे लक्ष वेधले: मारहाण नाही, शिवीगाळ नाही, दुखापत होते ती नात्यांचाच हत्यारासारखा वापर करून. ओळखायची खूण अशी. एखादी मुलगी आपण होऊन दुसरीकडे बसते तेव्हा ती दूर जात असते. 'तिच्याशेजारी कोणी बसू नका' असे ती इतरांना सांगू लागली, गुपिते वाटू लागली किंवा कोणी पाहते आहे ना याची खात्री करून मगच पाठ फिरवू लागली, तर तो त्रास आहे. पहिल्याकडे लक्ष ठेवावे. दुसऱ्याला त्याच रात्री थांबवावे.

ताईने त्या रात्री खोलीत एवढेच म्हटले: "इथे कोणी काय जवळ घेऊन झोपतं यावर कोणी बोलायचं नाही. उद्या मी तुमच्याशी एकेकीशी बोलेन. आता झोपा." लांबलचक भाषण नाही, कोणाचे नाव नाही, मिनूकडे बघणेही नाही. हे अगदी योग्य झाले. सगळ्यांसमोर मिनूची बाजू घेतली असती तर ती 'बिचारी' ठरली असती, आणि तो शिक्का ससा विसरल्यावरही राहतो.

सहावा दिवस: तीन बोलणी

बोलणे कुठे होते याला फार महत्त्व आहे. बंद खोलीत एकट्या मुलाशी बोलायचे नाही हा मुलांच्या सुरक्षिततेचा पहिला नियम, त्याला अपवाद नाही. मैदानाच्या कडेने चालत बोलावे: सगळ्यांना दिसेल असे, कोणाला ऐकू येणार नाही असे. चालताना डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत आणि गप्प राहिले तरी अवघड वाटत नाही. पंधरा मिनिटे पुरतात.

मिनूशी पहिल्यांदा. सुरुवात 'तुमचं भांडण झालंय का?' अशी केली की उत्तर 'नाही' येते आणि दार बंद होते. "काल जेवणाच्या रांगेत कोणाच्या मागे उभी होतीस?" असे विचारले तर मूल प्रसंग सांगू लागते. मिनूने बरेच सांगितले आणि शेवटी विचारले, "ताई, मी काय केलं?" यावर दोन मोह होतात: 'काही नाही गं, होईल सगळं ठीक' असे आश्वासन द्यायचे, किंवा इराच्या पाळीचे कारण सांगून मोकळे व्हायचे. पहिले खोटे ठरू शकते. दुसरे सांगायचा अधिकार ताईचा नाही. ताईने म्हटले, "इराचं काय चाललंय ते तिचं तिने सांगायचं. पण तू काही चुकलीस म्हणून ती लांब गेली नाही, एवढं मी नक्की सांगते. आणि ससा पिशवीत ठेवायचा की उशीखाली, ते तू ठरव. तुला कोणी काही म्हणणार नाही, ते माझं काम."

इरा अपराधी चेहऱ्याने आली. आता ओरडा बसणार असे तिला वाटत होते. सशाचे आपणच सईला सांगितल्याचे तिने कबूल केले. रात्री गप्पांत निघाले, सई ते असे बोलून दाखवेल हे तिला माहीत नव्हते. पाण्यात न उतरण्याचे कारणही तिने आपण होऊन सांगितले. तिला ताईने दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या करून दिल्या: "नवी मैत्रीण करायला कोणाची परवानगी लागत नाही. मिनूसोबत पूर्वीसारखं खेळावंसं वाटत नसेल तर तो गुन्हा नाही. पण तिने तुला सांगितलेलं तुझं होत नाही. मैत्री कमी झाली तरी ते गुपितच." तिला माफी मागायला लावले नाही. माफी तोंडदेखली असेल तर समोरच्या मुलीला ती कळतेच.

सईशी बोलणे सगळ्यात शेवटी ठेवले, आणि बहुतेक शिबिरांत ते होतच नाही, कारण तिसरी मुलगी म्हणजे खलनायिका हे गृहीत धरलेले असते. सईची बाजू पाहा. पहिल्यांदा आलेली, ओळखीचे कोणी नाही, मिळालेली एकुलती एक मैत्रीण दुसऱ्या कोणाची तरी तीन वर्षांची हक्काची. मिनू परत आली तर आपण पुन्हा एकट्या पडू, ही भीती तिच्या वागण्यात होती. गुपित ही तिच्याकडची एकच चलती वस्तू, ती तिने खर्च केली. तिला स्पष्ट सांगितले गेले: पुन्हा असे झाले तर शिबिरप्रमुख आणि घरचे दोघांनाही कळवले जाईल. त्याच श्वासात हेही विचारले, "गटात इरा सोडून आणखी कोणाशी गप्पा मारायला आवडतील?" तिला नाव सुचायला वेळ लागला. तो वेळ तिला दिला.

रचना बदलली ती अशी

आमचा भर बोलण्यापेक्षा रचनेवर आहे, आणि त्याला आधार आहे. १९४९ मध्ये समाजमानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी कनेक्टिकटमधल्या एका उन्हाळी शिबिरात मुलांना आधी मोकळेपणी मैत्री करू दिली आणि मग जिवलग मित्र मुद्दाम वेगळ्या गटांत टाकले. काही दिवसांतच बहुतेक मुले मित्र म्हणून आपल्या नव्या गटातल्यांची नावे सांगू लागली. ताटातुटीचे दुःख हलके व्हावे म्हणून वेगळे करताच दोन्ही गटांना लगेच भटकंतीला आणि उघड्यावरच्या मुक्कामाला नेले होते. मुलांना न सांगता त्यांच्यावर असे प्रयोग करणे आज कोणी मान्य करणार नाही. पण खोली, तंबू आणि काम कोणासोबत वाटून येते याचा मैत्रीवर किती परिणाम होतो, हे त्यातून दिसते.

म्हणून पहिला बदल: 'जोड्या करा' ही सूचना संपूर्ण शिबिरातून काढून टाकली. हे शब्द ऐकताच प्रत्येक गटात कोणीतरी एकटे उरते आणि ते सगळ्यांना दिसते. त्याऐवजी पत्त्यांच्या कॅटमधून चार रंगांची दोन-दोन पाने वाटायची; सारखे चिन्ह मिळालेल्या दोघी एकत्र. नशिबाने ठरलेली जोडी कोणाला लागत नाही. जेवणाच्या जागाही याच पानांनी, दर दोन दिवसांनी.

दुसरा बदल तंबूंचा. तंबू तिघींचे लावायचे ठरले होते, ते चौघींचे केले. तिघींत एक जोडी जमली की एक उरते. चौघींत एक जोडी जमली तर उरलेल्या दोघींचीही जोडी होते. एका तंबूत मिनू, रेवा आणि दोघी. दुसऱ्यात इरा, सई आणि दोघी. खोलीतल्या खाटा मात्र हलवल्या नाहीत. घटनेच्या दुसऱ्या दिवशी एखादीची खाट हलवली की ती शिक्षा वाटते, मग ती कोणाचीही हलवा. तंबूमुक्काम सगळ्यांसाठीच ठरलेला होता, त्यामुळे ही विभागणी कोणाच्या लक्षात आली नाही.

तिसरा बदल कामाचा. सातव्या आणि आठव्या दिवशी गटाने छावणीचे बांबूचे प्रवेशद्वार उभारायचे होते. सहा बांबू, आठ सांधे, प्रत्येक सांध्याला साधारण चार मीटर सुती दोर. गेल्या वर्षी मिनू ही बांधणी शिकली होती आणि तिच्या गाठी घट्ट बसत. तिला सांधे तपासायचे काम दिले. मन रमावे म्हणून कोपऱ्यात दिलेले ते काम नव्हते. ती 'चालेल' म्हणेपर्यंत दार उभे करायचे नाही, असा नियम होता. पद्धत अशी: खालच्या बांबूवर खुंटगाठ, मग काटकोनात ठेवलेल्या दोन्ही बांबूंभोवती तीन वेढे, त्यानंतर त्या वेढ्यांवरून बांबूंच्या मधून दोन आवळफेरे, शेवटी पुन्हा खुंटगाठ. सांधा सैल पडतो तो जवळपास नेहमी आवळफेरे मऊ घातल्यामुळे. ते एकटीने आवळता येत नाहीत. एकीने बांबू घट्ट धरायचा, दुसरीने पाय टेकवून दोर ओढायचा.

पहिल्या दिवशी मिनूसोबत रेवा होती. दुसऱ्या दिवशी दुपारी इराचा सांधा दोनदा घसरला. मिनू गेली, "धर" म्हणाली, इराने धरले, दोर ओढला गेला, गाठ बसली. तेवढेच बोलणे. शेरीफ यांनीच १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या शिबिरात ११ वर्षांच्या २२ मुलांवर केलेल्या पुढच्या प्रयोगात हे दिसले होते. भांडणाऱ्या दोन गटांना नुसते एकत्र जेवायला बसवल्याने तेढ कमी झाली नाही, पण बंद पडलेला पाणीपुरवठा सुरू करण्यासारखी दोघांनाही हवी असलेली आणि एकट्याने न जमणारी कामे समोर आल्यावर झाली. फक्त अशा कामाकडून जास्त मागू नये. दार उभे राहिले म्हणून मैत्री परत आली, असे या प्रकरणात झाले नाही. दोघींना एकाच सांध्यावर काम करता येऊ लागले, आणि तेवढे पुरेसे होते.

घरच्यांशी बोलणे

सहाव्या दिवशी संध्याकाळी मिनूच्या आईला फोन गेला. काय झाले, काय केले आणि पुढच्या दोन दिवसांत काय होणार आहे, या क्रमाने सांगितले. आईची पहिली प्रतिक्रिया 'मी उद्या येऊन घेऊन जाते' अशी होती आणि ती समजण्यासारखी आहे. मुलाला लवकर घरी नेण्याचे वचन आधीच देऊन टाकले की ते प्रत्येक अवघड क्षणी त्या दाराकडे बघत राहते. म्हणून तिला इतकेच सुचवले: मिनूशी फोनवर बोलताना 'आज काय बांधलंस?' विचारा, 'इरा बोलली का?' हे विचारू नका. इराच्या घरी तक्रारीचा फोन केला नाही. कारण तिच्या हातून घडले ते तिने स्वतःच सांगितले होते, आणि पाळीविषयी कोणाला कळवायचे हे तिला विचारूनच ठरले.

एक सूचना दोन्ही घरांना आवर्जून दिली. दोन्ही आया एकमेकींच्या ओळखीच्या होत्या. त्यांनी आपापसांत बोलून मुलींची भेट ठरवू नये. मोठ्यांच्या मैत्रीसाठी मुलांना जुन्या जोडीत परत बसवण्याचा प्रयत्न घरी गेल्यावर हमखास होतो, आणि तो तिसऱ्या दिवशीच्या हात मिळवण्यासारखाच फसतो.

शेवटचे दिवस आणि नोंद

नवव्या दिवशी चिठ्ठ्या पुन्हा घेतल्या. मिनूने तीन नावे लिहिली: रेवा, तंबूतली आणखी एक आणि इरा. तिच्याकडे तीन बाण आले. सईकडे इराशिवाय आणखी एक बाण आला होता. इराच्या यादीत मिनू नव्हती, आणि ते बदलावे म्हणून कोणी काही केले नाही.

शेवटच्या रात्री स्लॅमबुक फिरतात. कोणाची वही भरली आणि कोणाची रिकामी हे तेव्हा सगळ्यांना दिसते. म्हणून त्याऐवजी प्रत्येकीला आठ ओळींचा एक कागद दिला, प्रत्येक ओळीवर एकीचे नाव. आपल्या नावापुढे रेघ मारायची, बाकीच्या सात जणींविषयी प्रत्यक्ष पाहिलेले एकेक काम लिहायचे. 'तू खूप छान आहेस' चालणार नाही. इराने मिनूपुढे लिहिले, "आठही सांधे तपासले. एकही सुटला नाही." मिनूने इरापुढे लिहिले, "बांबू हलू दिला नाही."

पुढच्या वर्षाच्या ताईसाठी नोंदवहीत चार ओळी गेल्या: दोघींना एकाच खोलीत ठेवायला हरकत नाही, शेजारी नको, मिनूला दोरकामात जबाबदारी द्यावी, सईला पहिल्या दोन दिवसांत दोनपेक्षा जास्त जणींसोबत काम मिळेल असे पाहावे, 'जोडी' हा शब्द नोंदीत वापरू नये. पाळीचा, पोटदुखीचा आणि सशाचा उल्लेख वहीत नाही, कारण ती वही बरेच जण वाचतात. अर्जातला तो रकानाही बदलला. आता तिथे दोन प्रश्न आहेत: 'खोलीत कोण असेल तर बरे वाटेल?' आणि 'यंदा कोणते काम नव्या माणसासोबत करून पाहायचे आहे?' दोन्ही उत्तरे मुलाने स्वतःच्या हाताने लिहायची, आणि खोल्या लावायच्या आदल्या दिवशी ती गेल्या वर्षीच्या अर्जाशेजारी ठेवून वाचायची.